जिंकलेल्या पानिपतानंतरचा कारभार

विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? मराठी माणसाने हा प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे की त्याचं उत्तरही ठरून गेलं आहे. अब्दाली पळाला असता, दिल्ली आपली झाली असती, इंग्रज किनाऱ्यावरच अडकून पडले असते. एवढं झालं की गप्पा संपतात. १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ आपण हवी तशी बदलून घेतो, पण दुसऱ्या दिवसाच्या सकाळकडे कुणी वळत नाही. उपाशी लष्कराला दाणा कुठून आला? थकलेला पगार कुठल्या सावकाराच्या हुंडीवर भागला? जिंकलेल्या मुलखात वसुलीला कोण गेलं आणि तिथल्या रयतेने त्याला दारात उभं केलं का? पर्यायी इतिहास या लेखनप्रकाराचं खरं काम या प्रश्नांपाशी सुरू होतं, आणि मराठीत ते अजून मनावर घेतलं गेलेलं नाही.

प्रकार तसा जुना आहे. सिकंदर रोमवर चालून आला असता तर काय झालं असतं, याची चर्चा रोमन इतिहासकार लिव्हीने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात केली आणि निकाल रोमच्या बाजूने दिला. १९३१ मध्ये जे. सी. स्क्वायर यांनी अशा जर-तरच्या निबंधांचा इंग्रजी संग्रह काढला, त्यात चर्चिलचाही लेख होता. हे सगळं वाचनीय आहे, पण राजे, सेनापती आणि तह यांच्यापलीकडे जात नाही. एक लढाई फिरवायची, नकाशा नव्याने रंगवायचा, की झालं. त्या नकाशावर राहणारा माणूस दिसू लागला तो गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत. आणि सगळ्यात ठसठशीत दिसला तो साम्राज्यांच्या कथांत नव्हे, तर एखाद्या प्रदेशाचा छोटा स्वतंत्र देश कल्पिणाऱ्या पुस्तकांत.

रॉबर्ट सोबेल हे व्यापार-उद्योगाचा इतिहास लिहिणारे प्राध्यापक. त्यांचं १९७३ मधलं 'फॉर वॉन्ट ऑफ अ नेल' हे कादंबरी नाही, कधीच न घडलेल्या इतिहासाचं क्रमिक पुस्तक आहे. १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइन जिंकला आणि अमेरिकनांचं बंड मोडलं, एवढं गृहीत धरायचं. हरलेल्या बंडखोरांचा एक जथा टेक्ससकडे जाऊन आपलं वेगळं राज्य वसवतो, पुढे ते मेक्सिकोशी जोडलं जातं, आणि तिथून विसाव्या शतकापर्यंतची हकिगत येते. निवडणुकांच्या निकालांचे तक्ते, उत्पादनाचे आकडे, तळटीपा, आणि त्या तळटीपांत अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे हवाले. पात्रं नाहीत, संवाद नाहीत. तरी ते जग खरं वाटतं, कारण पैसा कुठून येतो आणि कुणाच्या हातात साठतो हे लेखकाने पक्कं ठरवलेलं आहे. शेवटी त्याच जगातला एक मेक्सिकन प्राध्यापक येतो आणि हे पुस्तक कसं एकतर्फी आहे ते सुनावतो. मला हा भाग पुस्तकाचा कळस वाटतो. आपल्या इतिहासावरून नागरिकांत भांडण नाही, असा देश पृथ्वीवर सापडत नाही. कल्पनेतल्या देशाला तरी ही सूट का द्यावी?

सोबेल यांनी हाडं दिली, रक्तमांस पाहायचं तर वासिली अक्स्योनोव यांच्या 'क्रिमिया बेट' या रशियन कादंबरीकडे जावं लागतं. प्रत्यक्षात क्रिमिया पेरेकोपच्या चिंचोळ्या पट्टीने मुख्य भूमीला जोडलेला आहे आणि नोव्हेंबर १९२० मध्ये लाल सेना त्याच बाजूने आत शिरली. अक्स्योनोव यांनी ती पट्टी पुसून टाकली. गोठलेल्या समुद्रावरून चालून येणाऱ्या फौजेवर जहाजावरचा एक तरुण इंग्रज अधिकारी आपल्याच मर्जीने तोफा डागतो, बर्फ फुटतं, आणि पराभूत, बोल्शेविकविरोधी श्वेत रशियनांच्या हाती एक बेट उरतं. साठ वर्षांनी तिथे श्रीमंती आहे, रुंद रस्ते आहेत, वाटेल ते छापणारी वर्तमानपत्रं आहेत. इथवरचं कुणालाही सुचलं असतं. अक्स्योनोव यांची प्रतिभा दिसते ती बेटावरच्या माणसांच्या मनात शिरताना. तरुण पोरांना रशियन म्हणवून घ्यायचं नाही. रशियन, तातार, इंग्रजी अशी सरमिसळ करून ती स्वतःला 'याकी' म्हणतात, आपली वेगळी बोली जुळवतात. आणि नायक लुच्निकोव, एका बड्या वर्तमानपत्राचा संपादक, याला सुखात राहण्याचीच टोचणी लागली आहे. मायभूमीने एवढं सोसलं आणि आपण बाजूला राहिलो, तेव्हा आता तिच्या नशिबात सामील व्हावं, असा प्रचार तो करतो. लोक त्याचं ऐकतात. मग सोविएत सेना उतरते आणि बेट संपतं.

सोविएत संघात ही कादंबरी छापली जाणं शक्यच नव्हतं; १९८१ मध्ये ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्यावर वाचक तिच्याकडे पुन्हा वळले. भाकीत म्हणून तिचं कौतुक होतं, पण माझ्या लेखी तिचं मोल दुसरं आहे. स्वतंत्र छोटा देश बाहेरच्या तोफांनी जेवढा मोडतो तेवढाच आतल्या ओढीनेही मोडतो, हे तिने माणसांच्या वागण्यातून दाखवलं.

भाषेच्या अंगाने पाहिलं तर मायकेल शेबन यांचं २००७ मधलं 'द यिडिश पोलिसमेन्स युनियन' आणि फ्रान्सिस स्पफर्ड यांचं २०२३ मधलं 'कहोकिया जॅझ' ही दोन पुस्तकं सोबत वाचावीत. ज्यू निर्वासितांना अलास्कात वसवण्याची सूचना १९४० च्या सुमारास अमेरिकन सरकारपुढे खरोखरच आली होती आणि बारगळली. शेबन यांच्या जगात ती मंजूर होते आणि सिटका गावी यिडिश बोलणारं एक शहर उभं राहतं. पोलिसांच्या, गुंडांच्या तोंडी यिडिशच. पिस्तुलाला, मोबाईलला लोकांनी आपल्याच भाषेतून चालवलेली चटपटीत नावं. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या महाहत्येनंतर यिडिश प्रत्यक्षात किती उरली हे ठाऊक असणाऱ्या वाचकाला ही साधी बोलाचालीच हलवून जाते. त्यात शहराचा करार साठ वर्षांचा आणि मुदत संपत आलेली, म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर घर सोडण्याची टांगती तलवार. शेजारच्या ट्लिंगिट आदिवासींची जमीन या वसाहतीखाली गेली, हेही शेबन विसरत नाहीत.

स्पफर्ड यांनी तर बदलाचं कारणच फार विचारपूर्वक निवडलं आहे. युरोपियनांबरोबर अमेरिकेत आलेल्या देवीच्या साथीने तिथली मूळ वस्ती उजाड झाली. या कादंबरीत देवीचा सौम्य प्रकार आधी पोहोचतो, माणसं त्यातून वाचतात आणि प्रतिकारशक्ती मिळवतात. म्हणून १९२२ मध्ये मिसिसिपीकाठी मूळ रहिवाशांच्या बहुमताचं एक राज्य नांदतं आहे. ट्रामगाड्या, कारखाने, दंगली यांच्यासकट. तिथली भाषा त्या भागातल्या जुन्या व्यापारी बोलीवरून रचलेली आहे. तलवारीपेक्षा रोगाने इतिहास अधिक बदलला, हे सत्य कादंबरीच्या पायातच घातलेलं आहे.

याआधीची दोन पुस्तकंही विसरून चालणार नाहीत. वॉर्ड मूर यांच्या १९५३ च्या 'ब्रिंग द ज्युबिली'त अमेरिकन यादवीत दक्षिण जिंकते, पण लेखक आपल्याला ठेवतो तो हरलेल्या, कंगाल उत्तरेत. टेरी बिसन यांच्या १९८८ च्या 'फायर ऑन द माउंटन'मध्ये जॉन ब्राउनचा गुलामगिरीविरुद्धचा १८५९ चा उठाव यशस्वी होतो आणि कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र देश जन्मतो. दोन्ही पुस्तकं लहान आहेत, दोन्ही टिकली आहेत.

एवढी चांगली पुस्तकं असूनही या कलेची आजची एकूण स्थिती समाधानाची नाही. नाझी जिंकल्याच्या कथांचा पूर आहे. फिलिप के. डिक यांच्या १९६२ च्या 'द मॅन इन द हाय कॅसल'वर आलेल्या मालिकेने त्यातली अस्वस्थता पातळ केली आणि गणवेश-झेंडे पुढे आणले. दुसरीकडे हौशी रचनाकार नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळ्या, फौजांची कोष्टकं यांत रमतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण अशा बहुतेक देशांत जमीन कुणाची, शाळेत कुठली भाषा, न्याय मागायला गरिबाने कुठे जायचं, याचा पत्ता नसतो. आणि आपल्या प्रदेशाचा देश कल्पिताना तर लेखक हटकून त्याला निर्दोष करतो. तिथे जग उभं राहत नाही, आरती होते.

मराठीकडे येताना जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेला आधी नमस्कार केला पाहिजे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघाताने अशा जगात पोहोचतात जिथे गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. नारळीकरांनी लढाईवर फार शब्द खर्चले नाहीत. पंत आगगाडीने मुंबईला येतात तेव्हा हद्दीवर तपासणी होते, कारण मुंबई इंग्रजांच्या हाती आहे, आणि तीही भाडेपट्ट्याने, ठरावीक मुदतीपर्यंत. कंपनी सरकार अजून जिवंत आहे. पेशवे नामधारी झाले आहेत आणि देश लोकशाहीकडे गेला आहे. भाडेपट्ट्याची ही एक कल्पना दहा विजयांपेक्षा जास्त सांगते: जिंकलेल्या राज्यालाही व्यापारासाठी परक्याला जागा द्यावीशी वाटली. नारळीकरांचा रोख विज्ञानाकडे होता, दोन जगं कशी संभवतात याकडे, म्हणून ते जग त्यांनी खिडकीतून दाखवलं आणि पडदा ओढला. ते योग्यच केलं. पुढच्या लेखकांनी त्या जगात घर करायला हवं होतं. ते झालं नाही.

साधनांची मात्र आपल्याकडे ददात नाही. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. जगात किती लेखकांच्या हाताशी एवढा ऐवज असतो? अंकुशी, चांदवडी अशी नाणी, एका टांकसाळीचा रुपया दुसरीकडे चालवताना बसणारा बट्टा, पत्रं पोचवणाऱ्या जासूदजोड्या, कमाविसदाराच्या हिशेबातली खाडाखोड. एकाच चलनाचा निर्णय पुण्याने १७८० च्या दशकात घेतला असता तर किती सराफ-सावकार उलटले असते, यावर अख्खी कादंबरी होईल.

किंवा छपाई घ्या. गोव्यात १५५६ पासून छापखाना होता. पेशव्यांच्या पुण्यात मात्र तो उगवला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज वकील मॅलेट याच्या प्रोत्साहनाने पुण्यातल्या एका कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवण्यात आलं. नाना फडणिसांना भगवद्गीता छापवून घ्यायची होती. पुण्याची घडी विस्कटली, कारागिराने पटवर्धन सरदारांच्या आश्रयाने मिरज गाठली, आणि १८०५ मध्ये गीता तिथे छापली गेली. हा उद्योग पुण्यातच टिकला असता तर? गीतेनंतर त्या पत्र्यांवर काय कोरलं गेलं असतं? पंचांग, की सरकारी जाहीरनामा, की त्या जाहीरनाम्याला उत्तर देणारं कुणाचं पत्रक?

या शेवटच्या प्रश्नाने मराठी लेखकाला अवघड जागी नेलं पाहिजे. पेशवाई चालू राहिली असती तर जोतीराव फुले यांचं काय? ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, टॉमस पेन त्यांनी वाचला, आणि 'गुलामगिरी' त्यांनी १८७३ मध्ये अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना. हे सगळे रस्ते इंग्रजी अमलातून आले. स्वतंत्र मराठी राज्यात त्यांना ते कुठून मिळाले असते? उत्तर सापडेल, विद्रोहाला आपल्या मातीतही मुळं आहेत. पण ते शोधावं लागेल. पुण्यात अस्पृश्यांनी काय भोगलं हे गाळून रचलेलं मराठी राष्ट्र मला तरी खरं मानता येणार नाही. तसंच बंगालचं. १७४० च्या दशकातल्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांनंतर तिथल्या अंगाईगीतांत 'बर्गी' हा भीतीचा शब्द होऊन बसला आहे. आपल्या विजयी राष्ट्राला शेजारी कसे पाहतात, हे त्या राष्ट्राच्या कथेत यायला नको?

म्हणून मला वाटतं, सुरुवात दिल्लीपासून करूच नये. तंजावरपासून करावी. सर्व सामग्री तिथे आयती आहे. मराठी राजा, तमिळ रयत, दरबारात मराठीबरोबर तेलुगू आणि संस्कृत; सरस्वती महालासारखं ग्रंथालय, सरफोजी राजांचा स्वतःचा छापखाना, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास. सत्ता इंग्रजांशी झालेल्या १७९९ च्या तहाने जवळपास गेलीच होती, आणि १८५५ मध्ये पुरुष वारस नाही म्हणून उरलंसुरलं राज्यही खालसा झालं. तह टळला असता आणि एक मूल जगलं असतं, इतकाच बदल धरा. १८६१ मध्ये नागपट्टणमहून निघालेली आगगाडी तंजावरच्या वेशीवर कुणाची जकात भरते? कुंभकोणमला जन्मलेले, प्रत्यक्षात त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा इथे दिवाण झालेले तंजावरी मराठी टी. माधवराव आपल्याच राज्यात दिवाण झाले असते, तर कावेरीच्या कालव्यांचा पहिला खर्च त्यांनी कुणाच्या सारावाढीतून काढला असता? आणि तमिळ शेतकऱ्याने मराठी दरबारात तमिळमधून लिहिलेला अर्ज कोणत्या वर्षी पहिल्यांदा दाखल करून घेतला गेला असता?