आयुष्याचे टप्पे आणि टप्प्यांबाहेरची माणसे

माणसाच्या विकासाचे मोजमाप कशाने करावयाचे, हा प्रश्न मानसशास्त्राने गेल्या शतकात पुन्हा पुन्हा हाताळला आहे. शिक्षणशास्त्राच्या वर्गांत आणि त्यांच्या वाटेने व्यक्तिमत्त्व-विकासाच्या शिबिरांत जो तक्ता हमखास फळ्यावर येतो, तो एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांच्या आठ अवस्थांचा. आपली मुले-मुली तो पाठ करतात आणि परीक्षेत उतरवितात. हा तक्ता कोणाच्या आयुष्यावरून बेतला गेला आणि भारतात आल्यावर त्याने कोणाशी सोयरीक जुळविली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच विचारणार आहोत.

एरिक्सन यांचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. फ्रॉइड यांनी माणसाची घडण बालपणातच संपविली होती. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात एरिक्सन यांनी ती वार्धक्यापर्यंत नेली. प्रत्येक अवस्थेत एक पेच असतो आणि तो व्यक्तीच्या मनात जितका असतो तितकाच तिच्या भोवतालच्या समाजात असतो, हे त्यांचे प्रतिपादन मोलाचे आहे. शाळकरी वयातील पेच त्यांनी उद्यमशीलता की न्यूनभाव असा मांडला; आणि आपली किंमत शिकण्याच्या जिद्दीवर नव्हे, तर कातडीच्या रंगावर व आईबापांच्या कुळावर ठरते असे मुलाला कळून चुकले की न्यूनभाव घर करतो, हेही नोंदविले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा आणि शिपाई हजर नसेल तर तहानलेला राहणारा विद्यार्थी आम्हांस ठाऊक आहे. त्या गोणपाटाचा अर्थ एरिक्सन यांच्या चौकटीतून काही अंशी उलगडतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

अडचण यापुढे सुरू होते. तारुण्यात माणसाला स्वतःची ओळख घडविण्यासाठी समाज एक सवलतीचा काळ देतो, असे एरिक्सन मानतात. या काळात तरुणाने निरनिराळ्या भूमिका करून पाहाव्यात, चुकावे, परत फिरावे. परंतु वीटभट्टीवर आईबापांबरोबर विटा थापणाऱ्या मुलाला हा काळ कोण देतो? उसाच्या फडात मोळ्या बांधणाऱ्या मुलीला कोणती भूमिका करून पाहण्याची मुभा असते? तक्त्याच्या भाषेत अशा व्यक्तीची ओळख ‘अपुरी’ राहिली असे म्हणावे लागेल. समाजाने जे हिरावून घेतले, ते अशा रीतीने व्यक्तीच्या खात्यावर उणीव म्हणून मांडले जाते.

ही एकट्या एरिक्सन यांची गोष्ट नाही. डॅनियल लेव्हिन्सन यांनी १९७८ साली ‘द सीझन्स ऑफ अ मॅन्स लाइफ’ या ग्रंथात प्रौढ आयुष्याचे ऋतू सांगितले ते चाळीस अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवरून. त्यांत कामगार होते फक्त दहा. लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाची शिडी उभारली ती मुलग्यांच्या उत्तरांवर, आणि १९८२ साली कॅरल गिलिगन यांनी त्यावर बोट ठेवीपर्यंत त्या शिडीवर बायका खालच्याच पायरीवर का दिसतात याची फारशी चिकित्सा झाली नाही. थोड्यांचे चरित्र सर्वांचा निसर्गनियम होऊन बसते, ते असे.

भारतात या तक्त्याचे काय झाले, हे अधिक विचार करण्यासारखे आहे. एरिक्सन १९६२ साली मानवी जीवनचक्रावरील एका परिसंवादासाठी अहमदाबादेस आले. तेथील १९१८ च्या गिरणी संपावरून त्यांनी पुढे गांधींवर ग्रंथ लिहिला. अहमदाबादेतच त्यांच्या प्रभावाखाली आलेले सुधीर कक्कर (१९३८–२०२४) यांनी १९६८ साली एक निबंध लिहून एरिक्सन यांच्या अवस्था आणि हिंदू आश्रमव्यवस्था यांची तुलना केली. ‘द इनर वर्ल्ड’ (१९७८) या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात तर दोहोंची जुळणीच आहे: ब्रह्मचर्याच्या समोर कर्तृत्व व निष्ठा, गृहस्थाश्रमासमोर प्रेम व जबाबदारी, संन्यासासमोर प्रज्ञा. कक्कर यांची भाषा संयमी आहे, अभ्यास खोल आहे, आणि आश्रमव्यवस्था हा एक आदर्श आहे याची जाणीवही त्यांना आहे. तरीही ही जुळणी वाचताना आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटते. पश्चिमेतील मानसशास्त्र या भूमीवर ‘भारतीय’ आयुष्यक्रम शोधावयास निघाले आणि त्याला सापडले काय, तर शूद्रांना व स्त्रियांना ज्यात प्रवेशच नव्हता असे एक वेळापत्रक! ज्यांचे उपनयन होत नाही त्यांच्या आयुष्याचा पहिला टप्पाच उघडत नाही. मग पुढच्या टप्प्यांची गोष्टच नको.

बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’ (१९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेला खंड) या ग्रंथात चार आश्रमांना एक स्वतंत्र कोडे दिले आहे. त्यांनी दाखविले की, जुन्या धर्मसूत्रांत वेदाध्ययन संपविणाऱ्यास पुढील मार्ग निवडण्याची मुभा होती. मनूने ती काढून घेतली आणि विवाह सक्तीचा करून आश्रमांची एकाखाली एक उतरंड लावली. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी १९९३ साली आश्रमव्यवस्थेवर जो सविस्तर ग्रंथ लिहिला, त्याचाही निष्कर्ष असाच आहे की, आश्रम हे आरंभी आयुष्यभराचे पर्यायी मार्ग होते आणि त्यांचे वयानुसार टप्पे नंतर झाले. म्हणजे ज्याला सनातन जीवनचक्र समजून एरिक्सन यांच्या शेजारी बसविले, ते मुळात चक्रच नव्हते. कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने, निवडीचे रूपांतर वेळापत्रकात केले होते. कक्कर यांच्या जुळणीत या हेतूला जागा नाही, आणि आमच्या मते हाच तिचा मोठा दोष होय.

बौद्ध परंपरेत वयाला स्थान नाही असे आमचे म्हणणे नाही. उपसंपदेसाठी विनयाने वीस वर्षांची अट घातली आहे. पण त्याच विनयात, पंधरा वर्षांखालील मुलगा कावळे हाकलण्याइतपत जाणता असेल तर त्यास प्रव्रज्या द्यावी, अशीही अनुज्ञा आहे. येथे वर्षे मोजली जात नाहीत, पात्रता पाहिली जाते. (कावळ्यांची ही कसोटी आम्हांस कित्येक बुद्धिमापन चाचण्यांहून प्रामाणिक वाटते.) आणि एकदा संघात आल्यावर ज्येष्ठता जन्मापासून नव्हे, तर उपसंपदेपासूनच्या वर्षावासांनी मोजली जाते. शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की, आमच्याआधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्यास वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. वय, कुळ आणि धंदा या तिन्ही मापांना एका क्षणात बाजूला सारणारे ‘विकासाचे प्रतिमान’ आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, स्रोतापन्न ते अर्हत ही देखील शिडीच नव्हे काय? आहेच. मात्र तिची प्रत्येक पायरी वयाने येत नाही. कोणती संयोजने तुटली यावरून ती ठरते. पहिल्याच पायरीवर जी तीन तुटतात त्यांत सत्कायदृष्टी आहे, म्हणजे ‘हा मी’ असे धरून बसणे. एरिक्सन जेथे स्थिर ओळख मिळविण्यास सांगतात तेथे धम्म ती पकड सैल करण्यास सांगतो. या ठिकाणी आमच्यापुढेही एक खरा पेच उभा राहतो आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांना ओळखच नाकारली गेली त्यांनी अनात्म कसे शिकावे? १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. हे नाव घेणे हा ‘मी’चा आग्रह की ‘मी’ची मुक्ती? आमचे मत असे की, लादलेले नाव टाकल्याखेरीज कोणतेही नाव सोडता येत नाही. खुद्द एरिक्सन यांस हे कळावयास हवे होते. त्यांस जन्मदाता ठाऊक नव्हता. सावत्र पित्याचे होम्बुर्गर हे आडनाव त्यांनी वागविले, आणि १९३९ साली अमेरिकेचे नागरिक होताना एरिक्सन हे नाव स्वतः घेतले.

पाठ्यपुस्तके आठवी अवस्था सुमारे पासष्टीपासून धरतात. या वयात माणसाने मागे वळून पाहावे आणि झालेल्या आयुष्याचा स्वीकार करावा, असे तिचे स्वरूप. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेब पासष्ट वर्षांचे होते. त्यांनी मागचे स्वीकारले नाही. ते टाकून नव्याने आरंभ केला. त्यांच्याबरोबर लाखो स्त्री-पुरुषांनी, अंगावरच्या पोरापासून काठी टेकीत आलेल्या म्हातारीपर्यंत, एकाच दिवशी तोच आरंभ केला. तक्त्यात या दिवसासाठी रकाना नाही. १९९७ साली जोन एरिक्सन यांनी पतीच्या ग्रंथाच्या विस्तारित आवृत्तीत नववी अवस्था जोडली आणि अतिवार्धक्यात पहिले सारे पेच पुन्हा सामोरे येतात असे लिहिले, तेव्हा सरळ चढणारा जिना थोडा तरी वाकला, एवढे म्हणता येईल.

या अभ्यासासाठी साहित्य आपल्याजवळ भरपूर आहे. ते मानसशास्त्राच्या वर्गात नेले जात नाही, इतकेच. फलटणच्या बेबीताई कांबळे (१९२९–२०१२) यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले, म्हणजे तक्त्यातील ओळखीचा काळ जेमतेम उघडतो त्याच वयात. पुढे छोटेसे दुकान चालविताना पुड्या बांधण्याच्या रद्दीतून त्यांनी वाचन राखले आणि घरच्यांच्या नजरेआड वर्षानुवर्षे लिहिले. ‘जिणं आमुचं’ ग्रंथरूपाने १९८६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या पुस्तकात ‘मी’ थोडा येतो आणि ‘आम्ही’ फार. एरिक्सन यांच्या अवस्था शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी तक्ता फळ्यावर काढण्याआधी ते विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे आणि कोणता टप्पा कोठे बसतो, हे त्यांनाच शोधावयास सांगावे.