भ्रष्ट वैज्ञानिक आणि त्याचा श्रोता

कथात्म साहित्यात भ्रष्ट वैज्ञानिकाची व्यक्तिरेखा उभी करताना लेखकापुढे पहिली अडचण येते ती हेतूची. पारंपरिक खलपात्राला लोभ, मत्सर, सूड वा सत्ताकांक्षा यांपैकी एखादा हेतू पुरतो. धनंजयाने 'दशरूपका'त प्रतिनायकाचे लक्षण सांगताना लोभ, उद्धतपणा, पापाचरण आणि व्यसनाधीनता यांचाच निर्देश केला आहे. वैज्ञानिकाला खलपात्र करावयाचे तर यांतील एखादा दोष त्याच्या अंगी चिकटवणे सोपे असते. तो पैशासाठी शोध विकतो, अथवा जगावर राज्य करू पाहतो. मात्र असे झाले की त्याचे वैज्ञानिक असणे केवळ व्यवसायापुरते उरते. त्याच्या जागी एखादा सावकार वा सेनापती असता तरी कथानकात फारसा फरक पडला नसता. दुसरी सोपी वाट वेडाची. परंतु वेडाचा आधार घेतला की नैतिक प्रश्नच निकालात निघतो, कारण वेड्याला आपण त्याच्या कृत्यांसाठी जबाबदार धरत नाही.

या दोन्ही वाटा टाळून भ्रष्टतेचे मूळ विज्ञानाच्या व्यवहारातच शोधणारी कादंबरी म्हणून एच. जी. वेल्स यांच्या 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' (१८९६) या कृतीचा विचार येथे करावयाचा आहे. मोरोची भ्रष्टता त्याच्या वैज्ञानिक गुणांमधूनच निपजते आणि तिची पुरती ओळख त्याच्यापेक्षाही त्याचे ऐकून घेणाऱ्या माणसाच्या ठायी होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ज्या वातावरणात ही कादंबरी लिहिली गेली, ते लक्षात घ्यावयास हवे. जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना परवान्याचे बंधन घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १८७६ साली झाला. तरी त्याविषयीचा वाद शतकाच्या अखेरीपर्यंत धुमसत राहिला. स्वतः वेल्स यांनी लंडनमध्ये टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्राचे शिक्षण घेतले होते. म्हणजे प्रयोगशाळेकडे ते बाहेरून, भयचकित नजरेने पाहत नव्हते. कादंबरीचा निवेदक एडवर्ड प्रेंडिक हाही हक्स्ली यांच्या हाताखाली काही संशोधन केलेला गृहस्थ आहे. जहाज बुडाल्यामुळे तो मोरोच्या बेटावर येऊन पडतो. तेथे मोरो शस्त्रक्रियेच्या साहाय्याने पशूंना मानवी आकार व वाणी देण्याच्या खटपटीत अकरा वर्षे गुंतलेला आहे.

कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात मोरो आपली भूमिका प्रेंडिकला समजावून सांगतो. या प्रकरणातील त्याचे गुण नीट पाहण्यासारखे आहेत. त्याला कीर्ती नको आहे, धन नको आहे. अपयशाची कबुली तो मोकळेपणाने देतो. तेच काम तो पुनःपुन्हा नव्याने सुरू करतो. वेदना ही काही अनिवार्य गोष्ट नव्हे हे पटवून देण्यासाठी तो खिशातील चाकू स्वतःच्या मांडीत खुपसून दाखवतो. चिकाटी, निःस्पृहता, स्वतःच्या देहाविषयीची बेफिकिरी हे सारे गुण आपण संशोधकाच्या चरित्रात गौरवाने नोंदवतो. मोरोच्या ठायी ते सर्व आहेत. फक्त ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्याच्याशी असलेला संबंध तेवढा तुटलेला आहे. स्वतःच्या मांडीची वेदना आणि टेबलावर बांधलेल्या पशूची वेदना यांत संमतीचा फरक आहे, ही गोष्ट त्याच्या युक्तिवादात येतच नाही. तयार झालेल्या प्राण्यांविषयीही त्याला काही वाटत नाही. त्यांच्या वस्तीत कसले तरी 'नियम' म्हटले जातात, हे त्याच्या कानावर आहे. पण ती बाब आपली नाही असे तो मानतो. प्रयोग फसला की प्रयोगाचा विषय त्याच्या दृष्टीने संपतो.

मोरोला क्रूर म्हणणे सोपे आहे. क्रूरतेला निदान समोरच्याच्या दुःखाची जाणीव लागते. मोरोच्या बाबतीत ही जाणीवच पद्धतीच्या नावाखाली बाजूला सारली गेली आहे.

आता प्रेंडिककडे वळू. टीकाकार त्याला बहुधा वाचकाचा प्रतिनिधी आणि नैतिक साक्षीदार मानतात. संहिता मात्र इतकी सोयीची नाही. मोरोचे पूर्वचरित्र आठवताना प्रेंडिक सांगतो की, साहाय्यक म्हणून आत शिरलेल्या एका पत्रकाराने मोरोच्या प्रयोगशाळेचे बिंग फोडले आणि त्यामुळे त्याला इंग्लंड सोडावे लागले. या प्रसंगी मोरोच्या प्रयोगांपैकी काही निष्कारण निर्दय होते हे तो मान्य करतो; तथापि इतर संशोधकांनी मोरोला वाऱ्यावर सोडले हेच त्याला लाजिरवाणे वाटते. पुढे प्यूमाच्या किंकाळ्या असह्य होऊन तो आवाराबाहेर पडतो, तेव्हा तो स्वतःशीच कबूल करतो की, तेवढेच दुःख शेजारच्या खोलीत मुकाट्याने भोगले गेले असते तर आपण ते सहन करू शकलो असतो. आधी त्याची समजूत असते की मोरो माणसांचे पशू करतो. प्रत्यक्षात पशूंची माणसे केली जात आहेत, हे कळल्यावर त्याचा विरोध बोथट होतो. मोरो इतके साधे आणि पटण्यासारखे बोलतो, की आपण त्याच्यावर संशय घेतला याचीच प्रेंडिकला शरम वाटू लागते. खलपात्राचे बोलणे ऐकून श्रोत्याने लाजावे, हे कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारे स्थळ आहे.

प्रेंडिकचे मन पालटते ते प्रतिवादाने नव्हे. बिबळ्यापासून बनवलेला प्राणी पाठलागात सापडतो. त्याच्या चेहऱ्यावरची भीती प्रेंडिकला मानवी वाटते आणि वेदनागृहात पुन्हा नेले जाण्यापासून त्याला सोडवण्यासाठी तो त्याला गोळी घालतो. यानंतर त्याच्या मनात येते की मोरोपाशी एखादा समजण्याजोगा हेतू असता, अगदी द्वेषही असता, तरी आपण त्याला थोडेफार क्षमा करू शकलो असतो. येथेच तो मोरोच्या संशोधनाला वेडगळ आणि निरुद्देश म्हणतो. हे विशेषण निवेदकाचे आहे, ते लेखकाचा निर्णय म्हणून वाचण्याचे कारण नाही. ज्या युक्तिवादाने काही काळ आपणास गप्प केले, त्याला वेडाच्या सदरात टाकून प्रेंडिक स्वतःची सुटका करून घेत आहे, असे म्हणणे भाग आहे.

तुलनेसाठी मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) मधील व्हिक्टर घेता येईल. त्याचा अपराध निर्मितीचा तितका नाही, जितका निर्मितीला टाकून देण्याचा आहे. आणि पश्चात्ताप हा त्याच्या निवेदनाचा स्थायी सूर आहे. पश्चात्तापामुळे तो शोकात्म नायकाच्या जवळ जातो. मोरोला पश्चात्ताप नाही, म्हणून वाचकाला करुणेचा आसरा मिळत नाही. उरतो तो केवळ त्याचा युक्तिवाद, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी.

ही जबाबदारी एका वेगळ्या कथनप्रकारात अधिक उघड होते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) आणि 'कॉल ऑफ क्थुलू' (१९८१) यांसारख्या भूमिकाखेळांत कथा आधी लिहून ठेवलेली नसते. खेळणारे आपापल्या पात्रांच्या तोंडून बोलतात आणि खलपात्राच्या वतीने खेळाचा सूत्रधार त्यांना उत्तर देतो. येथे निवेदकाची विशेषणे उपयोगी पडत नाहीत. खेळणारा अनपेक्षित प्रश्न विचारतो, आणि उत्तर त्या पात्राच्या विचारसरणीतून जागच्या जागी निघावे लागते. करुण पूर्वायुष्य, विद्रूप चेहरा, राक्षसी हास्य ही सामग्री पहिल्या प्रश्नालाच संपते. टिकते ते पात्राचे तर्कशास्त्र आणि त्यातील नेमकी पोकळी. असे पात्र घडवणाऱ्याने 'याचे काय बिघडले?' यापेक्षा 'याला कोणता प्रश्न ऐकूच येत नाही?' असे विचारावे. समोरच्या खेळाडूंना हे उत्तर क्षणभर तरी पटले, तर खेळात प्रेंडिकची शरम प्रत्यक्ष अनुभवाला येते.

वेल्स यांच्या रचनेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. मोरो बहिष्कृत आहे, बेटावर आहे, एकटा आहे. हे बेट कथेला तीव्रता देते आणि वाचकाला दिलासाही देते: भ्रष्टता तिकडे, समुद्रापलीकडे आहे. विसाव्या शतकाने हा दिलासा काढून घेतला. १९४६-४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे चाललेल्या वैद्यकीय खटल्यात २३ आरोपी होते. त्यांतील बहुतेक मान्यताप्राप्त वैद्य होते. अमेरिकेतील टस्कीगी येथे सरकारी आरोग्यसेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झालेला होता. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही. या अभ्यासाचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांतून उघडपणे छापले जात होते. येथे बेट नव्हते, गुप्तता नव्हती, वेड तर नव्हतेच. होते ते वाचून पान उलटणारे व्यावसायिक वाचक; म्हणजे अनेक प्रेंडिक.

म्हणूनच या कादंबरीचा वारसा प्रयोगशाळेतील एकाकी राक्षसाच्या प्रतिमेत शोधणे अपुरे आहे. भ्रष्ट वैज्ञानिक हा एकट्याने पूर्ण होत नाही. सुशिक्षित, सभ्य, प्रयोगाची भाषा जाणणारा आणि किंकाळी ऐकू आली नाही तर स्वस्थ बसू शकणारा श्रोता त्याला लागतो. असे खलपात्र रचू पाहणाऱ्या लेखकाने या श्रोत्याला कथेत जागा दिली पाहिजे, आणि त्या कथेच्या समीक्षकाने आपण त्याच जागेवरून तर वाचत नाही ना, हे तपासले पाहिजे.