नकाराची व्याप्ती : हायेकच्या एका निबंधाची चिकित्सा

फ्रीडरिख हायेकच्या 'द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी' (१९६०) या ग्रंथाच्या शेवटी 'व्हाय आय ॲम नॉट ए कॉन्झर्व्हेटिव्ह' हा एक पुरवणी-निबंध जोडलेला आहे. शासनसत्तेला कठोर मर्यादा असाव्यात, व्यक्तीचे व्यवहार होता होईल तो व्यक्तीवरच सोपवावेत, असे मानणारा जो पंथ अमेरिकेत 'लिबर्टेरियन' या नावाने ओळखला जातो, त्यातील मंडळींना उजव्या बाजूच्या लोकानुनयी चळवळींशी असलेला आपला संबंध नाकारावयाचा असतो तेव्हा ती प्रायः याच निबंधाचा आधार घेतात. २०१६ नंतर असे प्रसंग पुष्कळ आले. तेव्हा या निबंधाने आखलेली रेषा नेमकी कोठून जाते, आणि ज्या कामी ती आज योजली जाते त्या कामास ती पुरते काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम शीर्षकाचाच विचार करावा. ते मराठीत आणू गेल्यास अर्थ राहतो, पण कृती नाहीशी होते. इंग्रजीत 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हे लोक स्वतःला आपण होऊन लावून घेतात. ते एका प्रतिष्ठित पक्षाचेही नाव आहे. मराठीतील 'पुराणमतवादी' हा शब्द मात्र बहुधा दुसऱ्याने दुसऱ्यास लावावयाचा आहे. 'मी पुराणमतवादी नाही' असे आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि पुराणमतवादी तर अधिकच आग्रहाने म्हणतात. हायेकच्या विधानात जो त्याग आहे, म्हणजे समाजवादाविरुद्धच्या लढाईत ज्यांच्या खांद्यास खांदा लावला त्यांचे नाव जाहीरपणे नाकारणे, तो या भाषांतरात उतरत नाही. १९५५ साली 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक निघाल्यापासून अमेरिकेत बाजारस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते आणि परंपरेचे अभिमानी एका छत्राखाली येऊ लागले होते. हे साहचर्य ध्यानात घेतले म्हणजे त्या नकाराचे मोल कळते.

निबंधाचा मुख्य युक्तिवाद दोन पायांवर उभा आहे. पहिला पाय स्वभावाचा. पुराणमतवादी मनुष्य नव्याला भितो, अनिर्बंध विकासावर त्याचा विश्वास बसत नाही, म्हणून तो फार तर वेग कमी करू शकतो, दिशा बदलू शकत नाही. राजकारण ही एक सरळ रेषा मानून तिच्या मध्यावर उदारमतवाद्यास बसविणे हायेकला मान्य नाही. समाजवादी, पुराणमतवादी आणि उदारमतवादी हे तिघे त्याच्या मते एका त्रिकोणाचे तीन कोन होत. दुसरा पाय सत्तेचा. पुराणमतवाद्यास सक्तीचे वावडे नसते. सक्ती योग्य हेतूने, योग्य माणसांकडून व्हावी एवढेच त्याचे म्हणणे. सत्तेच्या मर्यादेपेक्षा सत्ताधाऱ्याची निवड त्याला महत्त्वाची वाटते, आणि याच बाबतीत तो समाजवाद्याचा सख्खा भाऊ ठरतो. हा दुसरा मुद्दा निबंधाचा खरा गाभा होय. सत्ता 'कोणाची' आणि सत्ता 'किती' या दोन प्रश्नांतील भेद इतक्या थोड्या जागेत इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडला गेला असेल.

नकार देणाऱ्यास स्वतःचे नावही सांगावे लागते. येथे हायेकची स्पष्ट ओढाताण होते. 'लिबरल' हा शब्द अमेरिकेत राज्यसंस्थेच्या विस्ताराचे समर्थन करणाऱ्यांकडे गेलेला, आणि 'लिबर्टेरियन' त्याला कृत्रिम व बदली म्हणून आणलेला वाटतो. त्याची ही अरुचि भाषिक दृष्ट्या निराधार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इच्छास्वातंत्र्याच्या तात्त्विक वादात वापरला गेला. १८५७ साली जोसेफ देजाक या फ्रेंच अराज्यवाद्याने त्याचे फ्रेंच रूप स्वतःच्या पंथास लावले. आणि १९५५ साली डीन रसेल याने 'द फ्रीमन' या नियतकालिकातून तो बाजारस्वातंत्र्यवाद्यांसाठी सुचविला. थोडक्यात, शब्द भाड्याच्या घरात राहणारा. हायेक अखेर 'जुना व्हिग' या नावाचा आश्रय घेतो. परंपरेची कास धरणाऱ्यांपासून दूर होण्यासाठी दीडदोनशे वर्षांपूर्वीचे पक्षनाम शोधावे लागावे, यातील विसंगती त्याच्या वाचकांच्या नजरेतून सहसा सुटलेली नाही. मराठीतही ही अडचण आहेच. 'उदारमतवादी' म्हटले की दातृत्वाचा आणि नेमस्तांचा भास होतो. 'स्वातंत्र्यवादी' म्हटले की मन राष्ट्राकडे धावते. रणछोडदास लोटवाला यांच्या प्रेरणेने मुंबईतून 'द इंडियन लिबर्टेरियन' हे नियतकालिक निघत असे, पण ते इंग्रजीत होते. त्या शब्दाला मराठी प्रतिशब्द रुळला नाही. प्रस्तुत लेखात 'व्यक्तिस्वातंत्र्यवादी' हा शब्द त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून योजला आहे.

आता रेषेच्या पुरेपणाचा प्रश्न. हायेकचा पुराणमतवादी भित्रा आहे. तो हळू चाला म्हणणारा आहे. लोकानुनयी चळवळीचा नेता याच्या उलट असतो. 'खरे लोक' एका बाजूस आणि भ्रष्ट वरिष्ठवर्ग दुसऱ्या बाजूस अशी फाळणी करून तो प्रस्थापित संस्थाच उलथून टाकू पाहतो. नव्याला भिणे हा दोष त्याच्याकडे नाही. साहजिकच स्वभावाच्या कसोटीस तो उतरतो, किंबहुना भीरू पुराणमतवाद्यापेक्षा व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यास तोच अधिक जवळचा वाटू लागतो. हायेकने पुराणमतवादाच्या आक्रमक राष्ट्रवादाकडे बोट दाखविले आहे हे खरे. परंतु तेथेही तो त्या वृत्तीचे मूळ नव्या कल्पनांच्या भीतीतच शोधतो. ज्या बाजूने पुढे पाणी शिरले त्या बाजूस बांध घातलेला नव्हता.

मरी रॉथबार्डचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्याने पुराणमतवादी तरुणांच्या संघटनेतील आपल्या समविचारी मंडळींना अनावृत पत्र लिहून ती संघटना सोडण्याचे आवाहन केले. सेंट लुइस येथील त्या वर्षीच्या अधिवेशनात फूट पडलीही, आणि १९७१ साली लिबर्टेरियन पक्ष स्थापन झाला. त्याच रॉथबार्डने १९९२ च्या जानेवारीत उजव्या लोकानुनयाची व्यूहरचना मांडणारा निबंध लिहिला आणि पॅट ब्यूकॅननच्या उमेदवारीस पाठिंबा दिला. त्या निबंधात करकपातीच्या शेजारीच गुन्हेगारांना जागच्या जागी शिक्षा देण्याची मोकळीक पोलिसांना असावी अशी मागणी आहे. चूक झाल्यास पोलीस उत्तरदायी राहतील ही पुस्ती तेथे आहे. तथापि राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या लेखकाच्या कार्यक्रमात हे कलम यावे, हे नवल होय. सत्ता किती, हा प्रश्न मागे पडून सत्ता कोणावर चालणार, हा प्रश्न पुढे आल्याशिवाय असे घडत नाही.

लोकानुनयी चळवळ व्यक्तिस्वातंत्र्यवाद्याची परिभाषा किती सहज उचलते हे पाहावयास मराठी वाचकास दूर जावे लागत नाही. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर वाढलेल्या आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि पुढील वर्षी 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाने वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा समाजाच्या चालीरीतींत परकीय सरकारने कायद्याने ढवळाढवळ करू नये हा पक्ष टिळकांचा होता, तर कायद्याचा पक्ष आगरकरांचा. शासनमर्यादेची भाषा बहुमताच्या बाजूला, आणि व्यक्तिवादी मनुष्य शासनाच्या बाजूला! अर्थात परक्या राज्याचा प्रश्न वेगळा होता. परंतु घरात व जातीत चालणारी सक्ती हीही सक्तीच, हे आगरकरांनी ओळखले होते; हायेकच्या निबंधात तिला जवळजवळ स्थान नाही.

निबंधाच्या दुसऱ्या, बळकट पायाविषयीही एक शंका राहते, आणि ती त्याच्या कर्त्यानेच निर्माण केली आहे. १९८१ साली चिलीतील 'एल मेर्कूरिओ' या दैनिकास दिलेल्या मुलाखतीत, उदारमतवादशून्य लोकशाहीपेक्षा उदारमतवादी हुकूमशहा पत्करला, अशा आशयाचे मत हायेकने दिले. ही व्यवस्था संक्रमणकाळापुरती समजावी असे त्याचे म्हणणे होते. पण हुकूमशहा उदार आहे म्हणून चालेल असे म्हणणे म्हणजे 'कोणाची' हाच प्रश्न पुन्हा दारातून आत घेणे होय. पिनोशेच्या राजवटीत ते मत छापले गेले, हेही विसरता येत नाही.

असे असूनही निबंधाची ती कसोटी निकामी ठरत नाही, हे अलीकडच्या एका प्रसंगावरून दिसते. मिशिगनचे प्रतिनिधी जस्टिन अमॅश यांनी ४ जुलै २०१९ रोजी रिपब्लिकन पक्ष सोडला, तेव्हा त्यांच्याबरोबर कोणी बाहेर पडले नाही. पुढे २०२२ मध्ये रीनो येथील अधिवेशनात लिबर्टेरियन पक्षाची सूत्रे उजवीकडे झुकलेल्या गटाच्या हाती गेली, आणि मे २०२४ मध्ये त्या पक्षाच्या वॉशिंग्टन येथील अधिवेशनात डोनल्ड ट्रम्प यांना भाषणास बोलाविले गेले. ट्रम्प यांनी तेथे शासनाची एकही मर्यादा गांभीर्याने मांडली नाही. आपल्या मंत्रिमंडळात त्या पंथाचा एक मनुष्य घेऊ, आणि 'सिल्क रोड' या गुप्त बाजाराच्या कर्त्याची जन्मठेप संपवू, अशी वचने दिली. सभागृहातून हुर्यो उठली, टाळ्याही पडल्या. प्रतिनिधींनी उमेदवारी चेस ऑलिव्हर यांना दिली. जानेवारी २०२५ मध्ये त्या कैद्यास संपूर्ण माफी मिळाली. तीन महिन्यांच्या आत, एप्रिलमध्ये, १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन जवळजवळ सर्व देशांच्या मालावर आयातशुल्क लादले गेले. माफी आणि शुल्क ही दोन्ही एकाच सहीने झाली.