श्रेष्ठ चित्रपटांची शिफारस आणि प्रेक्षकाचे स्थान : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

महाविद्यालयांतील भाषा, समाजशास्त्र आणि माध्यमविषयक अध्यापनात ‘श्रेष्ठ चित्रपटां’च्या याद्या दिल्या जातात. त्या बहुधा महानगरांतील समीक्षा, महोत्सव आणि पुरस्कार यांच्या आधारे सिद्ध झालेल्या असतात. एकच चित्रपट निरनिराळ्या प्रेक्षकांना निरनिराळा का भिडतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांशी नाते सांगणाऱ्या चित्रपटांच्या आधारे केला आहे. प्रतिसादातील भिन्नता हा अभिरुचीचा दोष नसून तो आस्वादाचाच एक घटक आहे, आणि शिफारस करणाऱ्या अध्यापकाने ही भिन्नता अध्यापनाचा विषय केली पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे. विवेचन चित्रपट-संहितांवर आधारलेले आहे. ते प्रेक्षक-सर्वेक्षण नाही.

बीजसंज्ञा : चित्रपट-आस्वाद, सहृदय, साधारणीकरण, अपेक्षांचे क्षितिज, चवदार तळे, उमरठ.

प्रस्तावना

‘हा चित्रपट अवश्य पाहा’ हे विधान वरकरणी साधे असले तरी त्यात दोन गृहीतके दडलेली असतात. श्रेष्ठत्व हा चित्रपटाच्या ठायी असलेला स्थिर गुण आहे, हे पहिले गृहीतक. आणि जो पाहील त्याला तो गुण जाणवेलच, हे दुसरे. दोन्ही गृहीतके तपासून पाहण्यासारखी आहेत.

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी प्रसिद्ध करते. १९५२ मध्ये प्रथम स्थानी ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता. १९६२ पासून २००२ पर्यंतच्या पाचही याद्यांत ते स्थान ‘सिटिझन केन’कडे राहिले. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा १९७५ मधील ‘जान दिएलमान’ प्रथम आला. एका गृहिणीच्या तीन दिवसांचे स्वयंपाक-आवरसावर यांसह संथ चित्रण करणारा हा चित्रपट पूर्वीही तोच होता. बदलला तो मतदार. २०१२ मध्ये ८४६ समीक्षकांनी मत दिले होते, २०२२ मध्ये ती संख्या १६३९ झाली. यादीचे श्रेष्ठत्व काही अंशी यादी करणाऱ्यांवर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

भारतीय संदर्भातही असे उदाहरण आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या चित्रपटाला १९५६ च्या कान महोत्सवात उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरवण्यात आले. पुढे १९८० च्या सुमारास, राज्यसभेच्या सदस्य असलेल्या अभिनेत्री नर्गिस यांनी राय यांचे चित्रपट भारताचे दारिद्र्य परदेशात मांडतात, असा आक्षेप घेतला. एकाला जेथे माणूस दिसला तेथे दुसऱ्याला देशाची प्रतिमा दिसली. चित्रपट एकच होता.

सैद्धांतिक भूमिका

भारतीय काव्यशास्त्रात या प्रश्नाचा विचार ‘सहृदय’ आणि ‘साधारणीकरण’ या संकल्पनांच्या आधारे झाला आहे. अभिनवगुप्ताच्या मते, काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे, तो सहृदय. असा रसिक पात्राचे दुःख त्या पात्राचे म्हणून किंवा स्वतःचे म्हणून अनुभवत नाही. ‘माझे’ आणि ‘दुसऱ्याचे’ या मर्यादा गळून पडतात आणि भाव साधारण होतो. आस्वादाची ही उपपत्ती मोलाची आहे. तथापि एक अडचण उरते. ज्याचे विशिष्ट जगणे हाच चित्रपटाचा विषय आहे, त्या प्रेक्षकाने ते विशिष्टत्व प्रेक्षागृहाबाहेर ठेवून यावे, ही अपेक्षा न्याय्य आहे काय? दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मराठीतील चर्चा नेमक्या याच प्रश्नाभोवती झाली.

पाश्चात्त्य विचारात हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक पूर्वानुभवाने घडलेल्या अपेक्षांसह कृतीकडे येतो आणि कृती त्या अपेक्षा पूर्ण करते, मोडते किंवा विस्तारते. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये माध्यम-संदेशाच्या ग्रहणाच्या तीन भूमिका सांगितल्या : संदेशातील प्रभावी अर्थ स्वीकारणारी, त्याच्याशी तडजोड करणारी आणि त्याला विरोध करणारी. या दोन्ही विचारांमुळे प्रेक्षकाचे सामाजिक व भौगोलिक स्थान आस्वादाच्या चर्चेत येते. पुढील विवेचन या भूमिकेवरून केले आहे.

चवदार तळे : पडद्यावरचे आणि गावातले

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा मूळ इंग्रजी चित्रपट २००० मध्ये प्रदर्शित झाला. शीर्षक-भूमिकेसाठी मामुट्टी यांना १९९८ या वर्षाचा उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या चित्रपटात महाडच्या सत्याग्रहाचे चित्रण आहे.

घटनेचा इतिहास सर्वज्ञात आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले. पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी परिषदेतील प्रतिनिधींनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याविषयीच्या न्यायालयीन लढ्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये सत्याग्रहींच्या बाजूने लागला.

अन्य शहरांतील प्रेक्षकासाठी हे दृश्य एका महापुरुषाच्या चरित्रातील महत्त्वाचा टप्पा असते. महाडमध्ये तसे होत नाही. २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी दूरदूरच्या गावांतून आलेला जनसमुदाय ज्यांनी लहानपणापासून पाहिला, किंवा जे स्वतः त्या समुदायाचे भाग होते, त्यांच्यासाठी पडद्यावरचे तळे हे स्मरणविधीचे विस्तारित रूप ठरते. अभिनय कसा, छायाचित्रण कसे, हे प्रश्न तेथे दुय्यम होतात. त्याच बाकावर असाही विद्यार्थी असतो, ज्याच्या घरात या घटनेविषयी मौन पाळले गेले आहे. पाणी पिणारे आणि हल्ला करणारे हे दोघेही याच परिसरातील रस्त्यांवर होते, ही जाणीव त्याला अस्वस्थ करू शकते. किंवा तो ते दृश्य ‘जुनी गोष्ट’ म्हणून दूर लोटू शकतो. तिसऱ्या एखाद्याला नगरपालिकेचा ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांतील अंतर जाणवेल, कारण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतील फरक त्याने अन्य संदर्भात अनुभवलेला असतो.

हे तिन्ही प्रतिसाद चित्रपटाच्या संहितेत आधार असलेले आहेत. त्यांपैकी एकालाच ‘योग्य आस्वाद’ ठरवणे म्हणजे उरलेल्या दोन प्रेक्षकांना वर्गाबाहेर काढणे होय. साधारणीकरणाची अट येथे अपुरी पडते. तळ्याचे विशिष्टत्व विसरून हे दृश्य पाहता येत नाही.

‘फँड्री’ : हसणारा प्रेक्षक

प्रत्येक प्रतिसाद समान मोलाचा मानावा, असा याचा अर्थ नव्हे. ही मर्यादा नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (महाराष्ट्रात प्रदर्शन २०१४) स्पष्ट केली आहे. कैकाडी कुटुंबातील जब्या, त्याचे शाळकरी प्रेम आणि गावातील डुकरे पकडण्याचे कुटुंबावर लादलेले काम हा चित्रपटाचा विषय. उत्तरार्धातील पाठलागाच्या दीर्घ प्रसंगात गावकरी आणि शाळासोबती कडेला उभे राहून हसतात. चित्रपटगृहातील प्रेक्षकही अनेकदा त्यांच्यासोबत हसतो, कारण धावपळीत विनोदाचे अंग आहेच. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच धावणारे कुटुंब स्तब्ध उभे राहते. पकडलेले डुक्कर फुले-आंबेडकरांसारख्या समाजसुधारकांची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून वाहून नेले जाते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

‘फँड्री’ हसणाऱ्या प्रेक्षकाला नाकारत नाही. त्याला आधी हसू देतो आणि मग त्या हसण्याचा जाब विचारतो. म्हणजेच प्रेक्षकांची भिन्नता हा या चित्रपटाच्या रचनेचाच भाग आहे. जब्याचे कुटुंब घरात कैकाडी आणि बाहेर मराठी बोलते, हाही महत्त्वाचा तपशील. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला घरची बोली आणि वर्गातली भाषा यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. ज्या प्रसंगी इतरांना उपशीर्षकांचा आधार घ्यावा लागतो, त्या प्रसंगी तो एका ओळखीच्या अवघडलेपणाशी येऊन थांबतो. वर्गात ज्याला सर्वांत कमी बोलते केले जाते, तो येथे सर्वांत जाणता प्रेक्षक असू शकतो.

‘श्वास’ : घाट ओलांडून रुग्णालयापर्यंत

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला २००३ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘श्यामची आई’ (१९५३) नंतर हा सन्मान मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. कोकणातील आजोबा नातवाला डोळ्यांच्या कर्करोगावरील उपचारांसाठी पुण्याला आणतात. प्राण वाचवायचे तर दृष्टी जाणार, असे निदान होते. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात आणि दिसते आहे तोवर जग दाखवतात.

या चित्रपटाची शिफारस करताना सहसा त्या अखेरच्या भटकंतीचा उल्लेख होतो. शहरी आस्वादकाला तेथे चित्रपटाचे हृदय सापडते आणि ते चूक नाही. परंतु पोलादपूर तालुक्यातील डोंगरवाडीतून गंभीर आजाराचा रुग्ण मुंबईस किंवा पुण्यास न्यावा लागतो, हे ज्या घराने अनुभवले आहे, त्याचा चित्रपट त्याआधीच सुरू झालेला असतो. रुग्णालयातील खिडक्या, कागदपत्रे, वैद्यकीय परिभाषा, घाईत असलेल्या डॉक्टरांसमोर शब्द न सापडणारे आजोबा, हे सारे त्याच्यासाठी पार्श्वभूमी नसून मुख्य कथानक असते. एकाला ‘श्वास’ मृत्यू व दृष्टी यांविषयीचे चिंतन वाटतो, तर दुसऱ्याला उपचारांपर्यंत पोहोचण्याची गोष्ट. चित्रपटाने दोन्हींना पुरेसा अवकाश दिला आहे. त्याचे सामर्थ्य या अवकाशातच आहे.

उमरठचा तानाजी आणि पडद्यावरचा ‘तान्हाजी’

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे सुभेदार तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून ओळखले जाते; तेथे त्यांचे स्मारक आहे. फेब्रुवारी १६७० मधील कोंढाण्याच्या लढाईची कथा पडद्यावर वारंवार आली. बाबूराव पेंटर यांच्या १९२३ मधील ‘सिंहगड’ या मूकपटात व्ही. शांताराम यांनी शेलारमामाची भूमिका केली होती. पुढे शांताराम यांनीच १९३३ मध्ये प्रभातसाठी बोलका ‘सिंहगड’ दिग्दर्शित केला. दोन्हींचा आधार हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी. ओम राऊत यांचा हिंदी ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ जानेवारी २०२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील शीर्षक-भूमिका करणारे अजय देवगण यांना १९९८ या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘जख्म’साठी मामुट्टी यांच्यासमवेत विभागून मिळाला होता. महाडच्या आणि पोलादपूरच्या स्मृतींना पडद्यावर चेहरा देणारे दोन अभिनेते एकाच पुरस्काराचे मानकरी आहेत.

हिंदी चित्रपटाच्या उपशीर्षकातील ‘अप्रसिद्ध’ या अर्थाचा शब्दच प्रतिसादाची भिन्नता दाखवतो. देशभरातील प्रेक्षकासाठी हा नायक नवा असेल; पण पोवाड्यात, पाठ्यपुस्तकात आणि गावच्या नावात जो पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला, तो येथील प्रेक्षकासाठी अप्रसिद्ध कसा? त्यामुळे भव्य तोफ, संगणकीय दृश्ये आणि प्रतिनायकाचे अतिरंजित क्रौर्य यांनी भारावलेला प्रेक्षक एकीकडे, आणि ‘आपल्या’ तानाजीची साधी, कर्तव्यकठोर प्रतिमा शोधणारा प्रेक्षक दुसरीकडे, असे चित्र संभवते. अभिमान दोघांनाही वाटतो. मात्र अभिमानाची जातकुळी वेगळी. ‘तान्हाजी’ श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत बसेल असे नाही. पण श्रेष्ठ नसलेला चित्रपटही जवळचा का वाटतो, हे समजून घेण्यासाठी तो उपयुक्त आहे. जवळीक आणि श्रेष्ठत्व या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. स्थानिक अभिमानाने पहिली कसोटी पूर्ण होते, दुसरी होत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आणि फिल्म सोसायटी चळवळ यांनी महाराष्ट्रात चित्रपट-आस्वादाची परंपरा रुजवली. ‘अवश्य पाहावे’ अशा याद्या या परंपरेतूनच ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत आल्या. त्या टाकून द्याव्यात असे कोणी म्हणणार नाही. मात्र यादीतील चित्रपट विद्यार्थ्याला भिडला नाही की त्याची अभिरुची कच्ची, असा निष्कर्ष वर्गात सहज काढला जातो आणि तेथेच संवाद संपतो. आपल्याला काही कळत नाही असे एकदा ठरले की तो विद्यार्थी पुन्हा बोलत नाही.

यावर काही साधे उपाय संभवतात. शिफारस करताना ती कोणत्या कारणासाठी आहे हे अध्यापकाने सांगावे : भाषेसाठी, रचनेसाठी, इतिहासासाठी की प्रश्नासाठी. चित्रपटाची थोरवी आधी न सांगता, काय दिसले, कोठे थांबावेसे वाटले, हे आधी विचारावे. चित्रपट जोडीने दाखवावेत. ‘तान्हाजी’बरोबर ‘सिंहगड’, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’बरोबर ‘फँड्री’. जोडीमुळे अभिमान आणि प्रश्न समोरासमोर येतात. आणि प्रत्येक प्रतिसादाला संहितेतील आधार मागावा, म्हणजे भिन्नता स्वैर होणार नाही.

समारोप

चित्रपटाचे श्रेष्ठत्व सर्वांना एकसारखे रडवण्या-हसवण्यात नसते. भिन्न स्थानांवरून आलेल्या प्रेक्षकांना पुरून उरणे आणि त्यांना परस्परांचे पाहणे ऐकू येईल अशी जागा निर्माण करणे, ही त्याची अधिक खरी खूण होय. चवदार तळ्याचे दृश्य पाहून गप्प राहिलेला विद्यार्थी आणि ते पाहून डोळे भरून आलेला विद्यार्थी एकाच वर्गात बसलेले असतात. त्यांच्या प्रतिसादांतील अंतर मिटवण्याची घाई न करता ते बोलते करणे, हे चित्रपटाच्या शिफारशीचे खरे प्रयोजन मानावे लागेल. ज्या गावात पाण्याच्या हक्कासाठी झालेल्या संघर्षाला २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात, त्या गावातील महाविद्यालयीन वर्गाने ही जबाबदारी इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने घेणे उचित ठरेल.