कास्तिल्योनेची प्रत काढताना

जुन्या उस्तादाच्या चित्राची प्रत काढून तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकावे की नाही, हा वाद जुनाच आहे. ‘स्वतःचे काढा’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. ‘आधी नीट बघा’ म्हणणारा एखादाच. आम्ही त्या एखाद्याच्या बाजूचे आहोत.

राफाएलने १५१४-१५च्या सुमारास रंगविलेले बाल्दास्सारे कास्तिल्योने याचे व्यक्तिचित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. काळा पोशाख, करड्या फरच्या बाह्या, छातीपाशी पांढरा सदरा, मागे उबदार करडी भिंत, एवढाच संसार. रुबेन्सने त्याची तैलरंगात प्रत केली. १६३९ साली ते अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात आले, तेव्हा रेम्ब्रांटने शाईने त्याचे भरभर टिपण केले आणि कडेला किंमतही लिहून ठेवली : ३५०० गिल्डर! मात्र टोपी त्याने मूळच्यापेक्षा तिरकी केली. पुढच्याच वर्षी त्याने आपले आत्मचित्र रंगविले, त्यात कास्तिल्योनेची बसण्याची ढब उतरली. चेहरा मात्र सर्वस्वी रेम्ब्रांटचा. प्रतीने त्याचा हात बांधला गेला, असे कोण म्हणेल?

आम्हीही एकदा छापील चित्रावरून ही प्रत करावयास बसलो. आरंभीच फसलो. डोळ्यांची बुबुळे सोडून उरलेला भाग आम्ही शुभ्र पांढरा रंगविला आणि तो सभ्य गृहस्थ एकाएकी दचकल्यासारखा दिसू लागला. राफाएलचा तो पांढरा वस्तुतः करडा आहे. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली आहे. दाढी आम्ही केस-केस काढली, ती चिकटवलेली वाटली. पोशाखात निव्वळ काळा भरला, तर तेथे भोक पडले.

मग सर्व खरवडून पुन्हा आरंभ केला. प्रथम केवळ तपकिरी रंगात छायाप्रकाश बसविला. तो वाळल्यावर त्वचेचे रंग चढविले. खालचा थर पातळ, कमी तेलाचा, वरचा अधिक तेलाचा, हा नियम तेव्हा पाळला. एरवी वरचा थर आधी वाळून पुढे तडे जातात. छापील पानावर हे थर दिसत नाहीत, ही त्या मार्गाची मोठी उणीव. लूव्रमध्ये मूळ चित्रासमोर बसून प्रत करण्याची मुभा मिळते. मात्र प्रत मूळ मापाची असता कामा नये, असा तेथला दंडक आहे. फसवणूक टाळण्यासाठी केलेला हा नियम शिकणाऱ्यालाही उपकारक ठरतो, कारण माप बदलले की प्रत्येक अंतर नव्याने तोलावे लागते.

आपल्या घरांतल्या वेदीवरील तसबिरीही प्रतीच असतात. पण त्या प्रार्थनेसाठी. त्यांना शिकाऊ प्रतीचे माप लावणे अन्यायाचे होईल. शिकाऊ प्रत भिंतीवर मिरवू नये, असे मात्र आम्हाला वाटते. आमची कपाटामागे आहे.

त्यानंतर आम्ही आमच्या मावशीला खिडकीपाशी बसवून रंगविले. डोळ्यांतला पांढरा कालवताना हात आपोआप करड्याकडे गेला. लुगड्याचा काळा काठ मात्र याही वेळी फसला.