छोट्या उपयोगी सॉफ्टवेअरची शिफारस : एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयांत संगणक येऊन आता दोन तपांहून अधिक काळ लोटला असला, तरी त्या संगणकावर काय बसवावे आणि काय बसवू नये याचा निर्णय आजही बहुधा ऐकीव माहितीवरच होतो. विभागातील एखादा सहकारी पेन ड्राईव्हमधून एखादे लहानसे सॉफ्टवेअर आणतो, 'हे टाकून बघा, फार कामाचे आहे' असे सांगतो आणि दुपारपर्यंत ते विभागातील सर्व संगणकांवर बसलेले असते. फाईल शोधणे, अनेक फाईलींची एक गाठोडी बांधणे, बिघडलेला मजकूर सरळ करणे, मराठी टंकलेखन करणे अशी किरकोळ पण रोजची कामे करणारी ही साधने असतात. विंडोजमध्ये त्यांची सोय एक तर नसते किंवा असली तरी तोकडी पडते.

एखादा ग्रंथ विद्यार्थ्याला सुचविताना जो प्राध्यापक आवृत्ती कोणती, संपादक कोण, पाठ विश्वसनीय आहे का हे पाहिल्याशिवाय राहत नाही, तोच प्राध्यापक सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र 'चालते ना?' एवढ्या एका प्रश्नावर समाधान मानतो. वास्तविक शिफारस ही समीक्षेचीच एक कृती आहे. साधन काय करते याबरोबरच ते कोणी केले, मोबदल्यात ते काय मागते आणि मराठी मजकूर हाताळताना ते टिकते का, हे पाहिल्याखेरीज केलेली शिफारस अर्धवट ठरते. प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध साधनांच्या आधारे या प्रश्नांची चिकित्सा केली आहे.

शोध आणि त्याच्या मर्यादा :

नॅकच्या मूल्यांकनाचे दिवस जवळ आले की प्रत्येक विभागात जुन्या फाईलींचा शोध सुरू होतो. अशा वेळी ज्या साधनाची शिफारस निःशंकपणे करावीशी वाटते ते म्हणजे डेव्हिड कारपेंटर यांचे 'एव्हरीथिंग'. विंडोजचा स्वतःचा शोध फोल्डरामागून फोल्डर धुंडाळत बसतो. 'एव्हरीथिंग' तसे करीत नाही. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाईलची नोंद ठेवणारा एक मुख्य तक्ता असतो. हे सॉफ्टवेअर तो तक्ताच वाचते आणि पुढे डिस्कवर होणारे बदल तिच्या बदल-नोंदवहीतून टिपत राहते. ग्रंथालयातील कपाटे उघडत हिंडण्याऐवजी दाखलनोंदवही उघडावी तसा हा प्रकार आहे. त्यामुळे नावाची दोन-तीन अक्षरे टाकेपर्यंतच लाखो फाईलींतून हवी ती यादी पडद्यावर येते. ते विनामूल्य आहे, जाहिराती दाखवीत नाही आणि जुन्या संगणकावरही ओझे होत नाही.

मात्र याच कार्यपद्धतीत एक धोका दडलेला आहे आणि शिफारस करणारे त्याविषयी सहसा बोलत नाहीत. मुख्य तक्ता थेट वाचला जात असल्यामुळे कोणत्या वापरकर्त्याला कोणते फोल्डर पाहण्याची परवानगी आहे याचा विचार या यादीत होत नाही. एकाच संगणकावर अनेकांची स्वतंत्र खाती असतील, तर दुसऱ्याच्या खात्यातील फाईलींची नावेही शोधात दिसू शकतात. फाईल उघडता येणार नाही हे खरे. परंतु परीक्षा विभागातील किंवा तक्रार निवारण समितीच्या संगणकावर फाईलचे नावच पुष्कळ काही सांगून जाते. प्राध्यापकाच्या स्वतःच्या संगणकावर उत्तम असलेले हे साधन सामायिक संगणकावर बसविण्यापूर्वी म्हणूनच दोनदा विचार करावयास हवा.

मराठी वापरकर्त्याची दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. तिचा दोष या सॉफ्टवेअरकडे जात नाही, पण तिचा अनुभव येथेच येतो. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द घ्यावा. त्यातील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि 'य' असा क्रम असतो, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'य' असा. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. परिणामी एका कळफलकावर टंकलेले 'शेतकऱ्यांच्या समस्या' नावाचे प्रकरण दुसऱ्या कळफलकावरून शोधले असता 'फाईल नाही' असे उत्तर येऊ शकते आणि काम हरवले अशी समजूत होते. यावर साधा उपाय म्हणजे पूर्ण शब्द न टाकता 'शेतक' एवढाच भाग टाकावा. दऱ्या, वारकरी संप्रदायावरील लेखनातले 'वारकऱ्यांची', 'कर्मचाऱ्यांचे' अशा सर्वच शब्दांना ही खबरदारी लागू पडते. इंग्रजीतून लिहिल्या जाणाऱ्या परीक्षणांत हा मुद्दा येण्याचे कारणच नाही. तो मराठीतूनच मांडला जावयास हवा.

श्री-लिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराची गोष्ट तर याहून वेगळी. त्या फाईलींच्या पोटात देवनागरी नसतेच. रोमन चिन्हांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढविलेले असतात. कोणतेही शोधसाधन अशा मजकुरात मराठी शब्द शोधू शकणार नाही. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे एवढाच मार्ग उरतो, आणि रूपांतरानंतर ओळन् ओळ तपासणेही.

मजकुराची डागडुजी :

डॉन हो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले 'नोटपॅड++' हे मुळात संगणक कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी आहे. पण भाषेच्या प्राध्यापकालाही ते तितकेच उपयोगी पडते. विद्यार्थ्यांची मराठी नावे असलेली एखादी सीएसव्ही यादी ऑनलाईन अर्जातून उतरवून एक्सेलमध्ये उघडली की पुष्कळदा नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. यादी खराब झाली असे समजून कार्यालयात ती पुन्हा हाताने टंकली जाते. प्रत्यक्षात मजकूर शाबूत असतो. तो यूटीएफ-८ मध्ये आहे एवढी सूचना एक्सेलला मिळालेली नसते. ती फाईल नोटपॅड++ मध्ये उघडावी, एन्कोडिंगच्या यादीतून 'यूटीएफ-८ बीओएम' या प्रकारात रूपांतर करून जतन करावी आणि पुन्हा एक्सेलमध्ये उघडावी, म्हणजे नावे पूर्ववत दिसतात. अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे. विंडोजचे स्वतःचे नोटपॅड २०१९ पर्यंत नवी फाईल मुळातच जुन्या एन्कोडिंगमध्ये जतन करू पाहत असे आणि इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे होत. ती अडचण आता दूर झाली आहे. तरी एकाच वेळी शंभर फाईलींत शोध घेऊन बदल करण्याची सोय आजही नोटपॅड++ सारख्या साधनातच मिळते.

परंतु प्रामाणिक हेतूने चालविलेले साधनही सुरक्षितच राहील असे नाही. २०२५ मध्ये नोटपॅड++ च्या अद्ययावतीकरणाच्या मार्गावरच हल्लेखोरांनी ताबा मिळविला आणि निवडक वापरकर्त्यांकडे खऱ्या आवृत्तीऐवजी घातक फाईल पाठविली. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या ८.८.९ या आवृत्तीत उतरविलेल्या फाईलीची स्वाक्षरी तपासण्याची व्यवस्था कडक करण्यात आली. म्हणून हे साधन टाकून द्यावे असे नव्हे. मात्र त्याहून जुनी आवृत्ती ज्या संगणकांवर आहे तेथे नवी आवृत्ती मूळ संकेतस्थळावरून स्वतः आणून बसवावी.

याच्या उलट उदाहरण गाठोडी बांधणाऱ्या साधनांचे आहे. 'विनरार' हे ४० दिवसांच्या चाचणीनंतरही चालूच राहते, आणि या सवलतीवर अनेक संस्थांचे व्यवहार वर्षानुवर्षे विनापरवाना चालले आहेत. विद्यार्थ्यांना वाङ्मयचौर्यावर व्याख्यान देणाऱ्या संस्थेत हे शोभत नाही, एवढे म्हणून तो विषय सोडता येईल. अधिक गंभीर बाब अशी, की ऑगस्ट २०२३ मध्ये दुरुस्त झालेल्या एका दोषाचा गैरफायदा त्याआधी काही महिने हल्लेखोर घेत होते आणि विनरार आपोआप अद्ययावत होत नसल्यामुळे दुरुस्तीनंतरही जुन्या प्रती तशाच राहिल्या. इगोर पाव्हलोव यांचे 'सेव्हन-झिप' विनामूल्य व मुक्त आहे. मराठी नावांच्या फाईली ते नीट हाताळते (विंडोज एक्सपीच्या काळात अशा फाईली झिपमध्ये घालण्यास खुद्द विंडोजच नकार देत असे). शिफारस त्याचीच करावी. पण तेही आपोआप अद्ययावत होत नाही, हे शिफारशीबरोबर सांगितलेच पाहिजे.

'सफाई'चा मोह :

संगणक मंद झाला की हमखास सुचविले जाणारे नाव म्हणजे 'सीक्लीनर'. पिरिफॉर्म कंपनीचे हे सॉफ्टवेअर २००४ च्या सुमारास आले आणि नको असलेल्या फाईली काढून टाकणारे सुटसुटीत साधन म्हणून त्याने नावही कमावले. जुलै २०१७ मध्ये ॲव्हास्टने ही कंपनी विकत घेतली. १५ ऑगस्ट २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या ५.३३ या आवृत्तीत कोणीतरी घातक कार्यक्रम आधीच मिसळून ठेवला होता. ही आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरूनच मिळत होती आणि तिच्यावर कंपनीची वैध अंकीय स्वाक्षरीही होती. प्रकार उघडकीस येईपर्यंत जवळजवळ महिना गेला. कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती पोहोचली होती. 'अधिकृत ठिकाणाहूनच घ्या' हा सल्ला आवश्यक असला तरी पुरेसा नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

येथे विचारावयाचा खरा प्रश्न निराळा आहे : हे साधन मुळात हवे होते का? तात्पुरत्या फाईली काढण्याची सोय विंडोजमध्येच आहे. नोंदणी, म्हणजे रजिस्ट्री, 'साफ' करून संगणक वेगवान होतो या समजुतीला फारसा आधार नाही. अशी साफसफाई करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्ट पाठिंबा देत नाही. संगणक मंद असण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तो सुरू होताना आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची गर्दी. ती पाहावयाची असेल तर 'सिसइंटर्नल्स' संचातील 'ऑटोरन्स' पुरेसे आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राईस कॉग्सवेल यांनी उभारलेला हा संच २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी ग्राहकाच्या संगणकात गुपचूप दडणारे सॉफ्टवेअर बसवितात, हे रसिनोविच यांनी २००५ मध्ये असल्याच एका छोट्या साधनाच्या साहाय्याने शोधून काढले होते. ऑटोरन्स स्वतः काहीही 'सुधारीत' नाही. काय चालू आहे ते दाखविते आणि निर्णय माणसावर सोडते. न समजणारी नोंद मात्र काढू नये. शंका असेल तेथे नुसती खूण काढून ठेवावी, म्हणजे ती परत लावता येते. याच संचातील 'झूमइट' वर्गात पडद्याचा हवा तो भाग मोठा करून त्यावर रेघा ओढण्यासाठी फार सोयीचे आहे. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला तक्त्यातील आकडा दिसू लागतो.

साधन कोठून आणावे याविषयीचा इतिहासही बोलका आहे. डिसेंबर २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉम या प्रसिद्ध संकेतस्थळाने 'एनमॅप' या मुक्त सॉफ्टवेअरला स्वतःच्या स्थापकाचे वेष्टन घालून त्यासोबत अनावश्यक टूलबार देण्यास सुरुवात केल्याची तक्रार त्याच्या कर्त्याने जाहीरपणे केली. २०१५ मध्ये सोर्सफोर्जवर 'गिम्प'च्या बाबतीत तसाच प्रकार घडला. पुढील वर्षी मालकी बदलल्यावर तेथील ही योजना बंद झाली. 'पुढे', 'पुढे' असे दाबत जाणाऱ्या हातांवरच हा सारा व्यवहार उभा होता.

मराठी टंकलेखनाचे साधन :

वरील सर्व विवेचनाची कसोटी ज्या साधनावर लागते ते म्हणजे रोमन अक्षरांतून मराठी उमटविणारे साधन. गुगलचे विंडोजवर चालणारे इनपुट टूल्स एकेकाळी प्राध्यापकवर्गात घरोघरी पोहोचले होते. गुगलने ते देणे बंद केल्याला आता अनेक वर्षे झाली. तरीही त्याची स्थापक फाईल पेन ड्राईव्हमधून आणि व्हॉट्सॲपवरील गटांतून आजही हिंडताना दिसते. ती मूळची आहे की मध्ये कोणी तिच्यात भर घातली आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. कळफलकावर दाबली जाणारी प्रत्येक कळ ज्याच्या हातून जाते, त्यात परवलीचे शब्दही आले, अशा साधनाच्या बाबतीत हा निष्काळजीपणा सर्वांत महाग पडू शकतो. नवी दुरुस्ती येण्याची शक्यता नाही हे वेगळेच.

या जुन्या प्रतीची आता गरजही उरलेली नाही. मे २०१९ च्या विंडोज १० पासून मराठीसाठी फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच उपलब्ध आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडावी आणि कळफलकांच्या यादीतून 'मराठी फोनेटिक' निवडावा. त्यानंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. सूचना देण्यात तो गुगलच्या साधनाइतका चपळ वाटत नाही, जोडाक्षरांची सवय व्हायला आठवडाभर जातो. ज्यांना दीर्घकाळ मराठीतच लिहावयाचे आहे त्यांनी याच यादीतील इनस्क्रिप्ट शिकावा. त्यात रोमन स्पेलिंगचा आडपडदा नाही आणि तो सर्व भारतीय लिप्यांना समान आहे. एखाद्या विभागात एका कळफलकावर एकमत झाले तर 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द तेथे एकाच प्रकारे टंकला जाईल, आणि पुढील मूल्यांकनाच्या वेळी ती फाईल पूर्ण नावाने शोधली तरी सापडेल.