'गिव्ह अप' आणि 'बोलून बसलो'



आजचा विषय वरवर व्याकरणाचा दिसतो, पण आपल्याला बोलायचं आहे ते अर्थाविषयी. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, हे आपण शाळेत शिकतो. मग 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हे आलं कुठून? 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आऊट' म्हणजे विझवणे, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. क्रियापद तेच, मागचा चिमुकला शब्द बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. या जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. लोगन पिअरसाल स्मिथ यांनी १९२५च्या आपल्या पुस्तकात हे नाव वापरलं आणि पुढे ते रुळलं.

हा प्रकार आपल्याकडे ज्या रीतीनं शिकवला जातो, तिची आज चिकित्सा करू या.

रीत ठरलेली आहे. डावीकडे जोडी, उजवीकडे मराठी अर्थ. यादी पाठ करायची आणि परीक्षेत गाळलेल्या जागा भरायच्या. यामागे एक न बोललेलं गृहीतक असतं, की या जोड्यांत समजून घेण्यासारखं काही नाही, त्या फक्त लक्षात ठेवायच्या. आमचा आक्षेप या गृहीतकावर आहे.

पहिली गोष्ट. यादीत सगळ्या जोड्या सारख्याच दिसतात. त्यांची घडण सारखी नसते. दोन वाक्यं घ्या. 'ही रॅन अप अ हिल', तो टेकडीवर धावत गेला. 'ही रॅन अप अ बिल', त्यानं उधारी वाढवून ठेवली. कानाला दोन्ही जुळी भावंडं! पण पहिल्यात 'अप' टेकडीला बांधलेला आहे, आपल्या 'टेकडीवर'मधल्या 'वर'सारखा. दुसऱ्यात तो 'रॅन'ला बांधलेला आहे. म्हणून 'रॅन अ बिल अप' असं म्हणता येतं, 'रॅन अ हिल अप' असं म्हणता येत नाही. एक शब्दयोगी अव्यय, दुसरं क्रियाविशेषण. हीच तपासणी पुढे नेली की 'टर्न इट डाऊन' बरोबर आणि 'टर्न डाऊन इट' चूक का, हे कळतं. उलट 'लुक आफ्टर इट' बरोबर, 'लुक इट आफ्टर' चूक. यादी हे काहीच सांगत नाही. मग विद्यार्थ्याला अर्थ पाठ असतो, पण वाक्य करायची वेळ आली की तो अडतो.

दुसरी गोष्ट. चिमुकल्या शब्दाला स्वतःचा कल असतो. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांत 'अप'चा 'वर'शी संबंध उरलेला नाही. तो 'संपेपर्यंत' असं सांगतो. खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. हे एकदा उमगलं की पुष्कळ जोड्या आपोआप सोप्या होतात. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८०च्या ग्रंथात दाखवलं, की 'वर' आणि 'खाली' या दिशांवर इंग्रजी बोलणारा माणूस कितीतरी अमूर्त कल्पना टांगून ठेवतो: जास्त ते वर, कमी ते खाली.

पण याही बाजूला फार झुकू नये. घर 'बर्न डाऊन' होतं, कागद 'बर्न अप' होतो, जळतात दोन्ही. फॉर्म इंग्लंडात 'फिल इन' करतात, अमेरिकेत 'फिल आऊट'. कागद तोच, पेन तेच! दिशेवरून दिलेला खुलासा जोडी माहीत झाल्यावर पटतो, माहीत नसताना ती ओळखून देत नाही. घडलेल्याचा अर्थ लावता येणं वेगळं आणि भाकीत करता येणं वेगळं.

हा वाद आपल्याला नवा नाही. यास्काच्या निरुक्तात तो उपसर्गांच्या निमित्तानं आलेला आहे. शाकटायनाच्या मते सुट्या उपसर्गाला स्वतंत्र अर्थ सांगता येत नाही. गार्ग्याच्या मते त्याचे स्वतःचे नाना अर्थ असतात. एका 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार. 'प्र' काय करतो, 'सम्' काय करतो, हे थोडंफार सांगता येतं. सगळं सांगता येत नाही. वैदिक भाषेत तर हा उपसर्ग क्रियापदापासून सुटा, मध्ये दुसरे शब्द घेऊनही येत असे. 'टर्न इट डाऊन'ची आठवण होते की नाही? 'अप'च्या बाबतीत आम्हाला दोघांचंही निम्मं निम्मं पटतं. शब्दाला कल असतो, पण निकाल वाक्यात लागतो.

आता मराठीकडे या. 'बोलून टाकलं', 'बोलून घेतलं', 'बोलून दाखवलं', 'बोलून गेलो', 'बोलून बसलो'. टाकलं यात मोकळं होणं आहे, गेलो यात नकळत, आणि बसलो यात पश्चात्ताप! इथं कोण कुठे बसलं? याची यादी आपल्याला कुणी पाठ करायला दिली होती? वाक्यं ऐकत गेलो, कल उमगत गेला. इंग्रजीत मागे दिशेचा शब्द येतो, आपल्याकडे दुसरं क्रियापद येतं, हा फरक आहेच. पण मुख्य कृतीमागे छटा जोडण्याची ही सवय आपल्या जिभेला जन्मापासून आहे. शिकवणाऱ्यानं सुरुवात इथून करावी.

हे इतकं ताणून सांगायचं कारण काय? मराठी माध्यमातल्या मुलाला 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' हे शब्द येतात, कारण ते पुस्तकात असतात. 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' समोरून आले की तो गोंधळतो, आणि आपल्याला इंग्रजी येतच नाही असं ठरवून गप्प बसतो. हे गप्प बसणं मुलाखतीत महाग पडतं. दुसरीकडे, वहीत 'पुट ऑफ' लिहिलं तर ते हलकं इंग्रजी म्हणून खोडणारेही आहेत. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की सॅम्युएल जॉन्सननं १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत या जोड्या परक्यांना फार अवघड जातात हे ओळखलं होतं आणि त्या मुद्दाम काळजीनं टिपल्या होत्या. त्या इंग्रजीच्या घरातल्या आहेत, अंगणातल्या नव्हेत.

आणि आपणही काही कमी नाही. आपल्या कार्यालयांत फाईल 'पुट अप' होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत 'पासिंग आऊट परेड' होते, आणि आपली मुलं कॉलेजातूनही 'पास आऊट' होतात. हे ऐकून लंडनच्या माणसाला कुणीतरी चक्कर येऊन पडल्यासारखं वाटेल! वाटू द्या. भाषा वापरणारा तिच्यात जोड्या घडवतोच. फक्त कुठली जोडी कुठे चालते, याचं भान हवं.

तेव्हा यादी हवी तर जवळ ठेवा, पण कोशासारखी, अडलं की बघायला. शिकायचं ते वाक्यातून, आणि मनात 'खाऊन टाक', 'बोलून बसलो' जागं ठेवून.

इथं थांबू या.